असीरगडापासून विश्रामबागेपर्यंत

बऱ्हाणपुराहून उत्तरेकडे सुमारे २० किलोमीटर गेले म्हणजे सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर असीरगडाचे तट दिसू लागतात. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारी जुनी वाट या डोंगराच्या जवळून जाते. म्हणूनच या गडास दख्खनची किल्ली म्हणत असत. असीरगड, कमरगड आणि मलयगड अशा तीन पायऱ्यांची त्याची तटबंदी आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या हातून अकबराने तो १६०१ च्या जानेवारीत घेतला, आणि त्या विजयाबरोबर खानदेशचे स्वतंत्र राज्य संपले. गडावर महादेवाचे एक जुने देवालय आहे. चिरंजीव अश्वत्थामा तेथे रोज पहाटे पूजेस येतो व पिंडीवर ताजे फूल ठेवून जातो, अशी आसपासच्या गावांची श्रद्धा आहे. खुद्द बऱ्हाणपुरातील जामा मशिदीत फारुकी राजाने १५९० मध्ये अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरविला. संस्कृत विद्येला कोणाच्या घरी आसरा मिळेल याचा नेम नसतो, हे त्या लेखापुढे उभे राहिले असता कोणासही पटावे.

मराठी माणसाला या गडाची आठवण राहते ती मात्र १८१८ च्या जूनमधील एका घटनेने. पुणे, साताऱ्याकडील मुलूख, सोलापूर असे एकेक ठिकाण गमावीत आणि इंग्रजी फौजांना चुकवीत दुसरा बाजीराव पेशवा अखेर असीरगडाच्या आश्रयाने धोलकोट येथे येऊन पोहोचला. गड शिंद्यांचा आणि किल्लेदार यशवंतराव लाड. पुढे जावयास वाट नव्हती आणि मागे जनरल डोव्हटनची फौज होती. सर जॉन माल्कम महूकडून आला. १ जून रोजी खेरी या गावी दोघांची भेट झाली आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव इंग्रजांच्या छावणीत दाखल झाला. मराठी राज्याच्या शेवटच्या पेशव्याने राज्यावरील हक्क सोडला तो शनिवारवाड्यात नव्हे, तर सातपुड्याच्या या कुशीत. गडाला त्याची किंमत पुढल्या वर्षी मोजावी लागली. नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांनाही लाडाने आश्रय दिला होता. गड सोडून देण्याबद्दल शिंद्यांचा उघड हुकूम आला असताही त्याने दरवाजे उघडले नाहीत. तेव्हा माल्कम आणि डोव्हटन यांनी वेढा घातला व ९ एप्रिल १८१९ रोजी गड पडला. आत सापडलेल्या कागदांत बाजीरावास साहाय्य करण्याविषयी दौलतरावांचे गुप्त पत्र निघाले आणि त्या आधारावर इंग्रजांनी गड स्वतःकडेच ठेवला. उघड हुकूम एक व आतून पत्र दुसरे, ही रीत दप्तरांत वावरलेल्यांना काही नवी नाही.

माल्कमने बाजीरावापुढे ठेवलेल्या अटींपैकी सालिना किमान आठ लाखांच्या तनख्याची अट सर्वांच्या लक्षात राहिली, कारण गव्हर्नर जनरलला ती रक्कम फार मोठी वाटली आणि तिच्यावरून बरेच दिवस कुरबूर चालली. तिच्याच खाली आणखी एक कलम होते, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पेशवे घराण्याने स्थापिलेल्या किंवा चालविलेल्या धर्मसंस्थांविषयी, तसेच विद्वान व पूज्य ब्राह्मणांविषयी बाजीराव जी विनंती करील तिचा आदराने विचार केला जाईल, असे त्यात अभिवचन होते. राज्य गेले, सैन्य गेले, आणि तरी पूर्वजांनी घातलेल्या अन्नछत्रांची व अग्रहारांची आठवण तहाच्या कागदावर राहिली.

देवस्थानांच्या महाजनांना या कलमाचा अर्थ उलगडून सांगावयास नको. गोमंतकातील कितीतरी देवस्थानांचे वैभव मराठी सत्तेने दिलेल्या इनामांवर उभे राहिले आहे. कवळे येथील श्रीशांतादुर्गेच्या सेवेत शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांनी घातलेली भर आणि १७३९ मध्ये देवीस मिळालेला कवळे गाव सर्वश्रुत आहे. श्रीमंगेशासही त्याच वर्षी पेशव्यांकडून मंगेशी गाव मिळाला, आणि त्यामागे पेशव्यांच्या पदरी असलेल्या रामचंद्र मल्हार सुखटणकर यांचा हात होता. दाता जातो, राज्ये बदलतात, सनदेवरचे शिक्के बदलतात, पण दान ज्या हेतूने दिले तो हेतू पुढे चालावा अशी अपेक्षा मागे राहते. ती अपेक्षा पुरी करावयाची कोणी, आणि काळ बदलला तर हेतूचा अर्थ लावावयाचा कोणी, हाच प्रश्न पुण्यात १८१८ नंतर उभा राहिला. तो एका वाड्याच्या आश्रयाने कसा सुटत गेला, हे पाहण्यासारखे आहे.

पेशवाईतील सर्वांत मोठे विद्यादान म्हणजे श्रावणमासातील दक्षिणा. ही प्रथा मूळ तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर पहिल्या बाजीरावाने ती पुण्यास चालू ठेवली. पुढे तिला इतके विशाल स्वरूप आले की हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून वेदशास्त्रसंपन्न मंडळी पुण्यास लोटू लागली. प्रथम विद्वत्तेची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणे रक्कम मिळत असे. कालांतराने पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात कोंडलेल्या हजारोंच्या समुदायाला सरसकट वाटप होऊ लागले. दानात पात्रापात्र विचार मागे पडला आणि खर्च काही लाखांवर गेला. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांतील दक्षिणा ही विद्येचा सत्कार होती असे म्हणणे कठीण आहे. जुन्या गोष्टींविषयी कितीही प्रेम असले तरी हे मान्य केले पाहिजे.

दख्खनचा कारभार हाती आल्यावर एल्फिन्स्टनपुढे दोन गोष्टी होत्या. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातील ब्राह्मणवर्ग दुखावणार, आणि जुन्या प्रमाणात चालू ठेवली तर तिजोरीस झेपणार नाही. त्याने मध्यम मार्ग काढला. रक्कम सालिना सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत उतरवली आणि तिच्यातून एक संस्कृत पाठशाळा काढावी असे ठरविले. यात राजकारण होते हे उघड आहे. जिंकलेल्या शहरातील मानी वर्गाला समाधानात ठेवणे हा हेतू इंग्रजांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. तथापि राजकारणासाठी केलेली प्रत्येक गोष्ट वाईटच निघते असे नाही. एल्फिन्स्टननंतर दख्खनचा कमिशनर झालेल्या विल्यम चॅप्लिनच्या देखरेखीखाली ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पाठशाळा उघडली. इंग्रजी कागदांत तिला हिंदू कॉलेज म्हटले आहे. जागा दिली गेली ती विश्रामबागवाड्याची.

हा वाडा बाजीरावाच्या आवडीचा. हरिपंत फडके यांची बाग जेथे होती त्या जागी सुमारे दोन लाख रुपये खर्चून १८०७ च्या सुमारास तो उभारला गेला. शनिवारवाडा हा राजकारणाचा किल्लाच होता. नारायणरावाच्या खुनाची छाया त्याच्या भिंतींवरून कधी गेली नाही, आणि बाजीरावाचे मन तेथे रमत नव्हते असे सांगतात. विश्रामबागेला तट नाही, बुरूज नाही. रस्त्याला तोंड करून उभी असलेली सागवानी दर्शनी बाजू, सुरूच्या आकाराचे खांब, कोरीव महिरपी आणि पुढे आलेला सज्जा, हे सारे एका विलासी धन्याच्या सुखासाठी योजलेले होते. त्या दिवाणखान्यात नाचगाण्याच्या बैठका झाल्या, आणि तीन वर्षांनंतर तेथेच न्याय आणि व्याकरण शिकविणाऱ्या शास्त्र्यांचे आवाज घुमू लागले. धनी त्या वेळी गंगाकाठी ब्रह्मावर्तात तनख्यावर दिवस काढीत होता. आपल्या रंगमहालात पाठशाळा बसली हे कानी आल्यावर त्याला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावयाची.

वाड्याची घडणही पाठशाळेला मानवली असावी. मराठी वाडा म्हणजे चौकाभोवती मांडलेले सोपे. एका सोप्यात न्यायाचा पाठ चालला तर पलीकडल्या सोप्यात ज्योतिषाचा चालतो, मधल्या चौकातून उजेड व वारा दोघांनाही मिळतो आणि एकाचा घोष दुसऱ्याच्या कानी पडला तरी अडत नाही. परदेशी पद्धतीने बांधलेल्या शाळागृहांत बाके व फळे असतात. इथे जमीन, बैठक आणि पोथी एवढ्यावर काम भागत होते. विषयांत व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष, वैद्यक यांबरोबर वेदांनाही स्थान होते आणि विद्यार्थ्यांना दरमहा वेतन मिळत असे. म्हणजे काशीतील किंवा आपल्याकडील मठांतील अध्ययनाचा क्रमच सरकारी खर्चाने चालविला गेला. या क्रमात नवे काही नाही अशी टीका पुढे झाली. ती खरी आहे, परंतु नवे काही सुरू करण्यासाठी प्रथम जुन्यांना एका छपराखाली आणावे लागते, हे टीकाकारांच्या लक्षात आले नाही.

१८३७ मध्ये पाठशाळेची नवी मांडणी झाली. वेदांचे अध्यापन बंद झाले, मराठी आणि पुढे इंग्रजी यांना प्रवेश मिळाला, आणि देखरेखीसाठी मेजर थॉमस कँडी यांची नेमणूक झाली. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात ज्यांचा वाटा मोठा, ते हेच कँडी. मराठीत आज आपण जी स्वल्पविराम, अर्धविराम ही चिन्हे वापरतो ती रूढ करण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. संस्कृत शास्त्र्यांच्या सहवासात, पेशव्याच्या वाड्यात बसून एका इंग्रज अधिकाऱ्याने मराठी वाक्याला विसाव्याच्या जागा नेमून दिल्या, हा योग विश्रामबाग या नावाला साजेसाच म्हटला पाहिजे. याच पाठशाळेत शिकून कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखा विद्वान तयार झाला. जुन्या शास्त्रांत मुरलेला आणि इंग्रजी विद्याही आत्मसात केलेला असा हा पहिला मोठा मराठी पंडित. त्यांची नेमणूक पुढे तेथेच झाली.

खरी कसोटी आली ती १८४९ मध्ये. व्यक्तींना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे देण्यात खर्चावा, असा अर्ज पुण्यातील सुधारक मंडळींनी सरकारकडे केला. त्यात गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, अग्रभागी होते. शहरात मोठा क्षोभ उसळला. दक्षिणा ही ब्राह्मणांची, ती संस्कृत विद्येची; तिच्यावर प्राकृत भाषेतील पुस्तके पोसणे म्हणजे दात्याच्या हेतूशी द्रोह, असे एका पक्षाचे म्हणणे. दान विद्येसाठी आहे, विद्या कोणत्याही भाषेत असो व कोणत्याही जातीच्या माणसाची असो, असे दुसऱ्याचे. अर्जदारांना मारहाणीच्या धमक्या आल्या, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर अर्जदारांचे म्हणणे मान्य झाले, आणि त्यातून निघालेल्या दक्षिणा प्राइज कमिटीने मराठी ग्रंथरचनेला अनेक वर्षे उत्तेजन दिले.

या वादात दोन्ही पक्षांनी दात्याच्या नावाचा आधार घेतला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जुन्या पक्षाची तक्रार केवळ स्वार्थाची होती असे म्हणून ती मोडीत काढणे अन्यायाचे होईल. ज्या रकमेवर कित्येक घरांची चूल पेटत होती ती कमी होताना माणूस ओरडणारच. परंतु खंडेराव दाभाड्यांनी दक्षिणा सुरू केली ती विद्येच्या परीक्षेवर, आणि रमण्यातील सरसकट वाटपाने त्या मूळ हेतूला जितके दूर नेले तितके विश्रामबागेतील पाठशाळेने किंवा मराठी पुस्तकांच्या बक्षिसांनी नेले नाही. मूळ हेतूच्या अधिक जवळ कोण होते असे विचारले तर उत्तर सुधारकांच्या बाजूनेच द्यावे लागते. पाठशाळेच्या वेतनाचा लाभ तीस वर्षे एकाच वर्णापुरता राहिला, हा मात्र तिच्यातील उणेपणा होय आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

१८५१ मध्ये पाठशाळा आणि पुण्याची सरकारी इंग्रजी शाळा यांचा संयोग होऊन पुणे कॉलेज झाले. विश्रामबागेच्या सागवानी खांबांमध्ये आता इंग्रजी काव्याचे, गणिताचे व तर्कशास्त्राचे तास होऊ लागले. भगवान बुद्धाच्या चरित्रावरील ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्याने पुढे जगप्रसिद्ध झालेले एडविन आर्नोल्ड काही वर्षे या कॉलेजाचे प्राचार्य होते. जर्मन पंडित मार्टिन हौग येथे संस्कृत शिकवीत, आणि केरूनाना छत्रे गणित व सृष्टिशास्त्र. दक्षिणेच्या निधीतून ज्या फेलोशिप निघाल्या त्यांचा लाभ घेणाऱ्यांत मालवणला जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे एक. पेशव्यांची श्रावणातील दक्षिणा शेवटी कोठे येऊन पोहोचली, याचे हे उदाहरण आपल्या समाजाच्या विशेष अभिमानाचे आहे.

वाडा मात्र कॉलेजाला पुरेना. १८६४ मध्ये संस्थेला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, मुळा-मुठेपलीकडे येरवड्यास नव्या इमारतीचे काम सुरू झाले, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने ती पुरी होऊन १८६८ मध्ये कॉलेज तिकडे गेले. सत्तेचाळीस वर्षांचे विद्येचे बिऱ्हाड हलले. नव्या जागेचा प्रशस्तपणा वादातीत होता. परंतु शहराच्या मध्यवस्तीतून, बुधवार-शनिवारच्या गल्ल्यांतून पायी येणारा विद्यार्थी आता गावाबाहेर नदीपलीकडे गेला, याचा परिणाम शहरावर झाल्याशिवाय राहिला नाही.

वाड्याच्या नशिबी पुढे बरेच काही आले. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग या दोहोंना आग लागली. वासुदेव बळवंतांचे बंड त्याच दिवसांतले, म्हणून संशय प्रथम तिकडे गेला. बुधवारवाडा जळून नाहीसा झाला. विश्रामबागेचाही मोठा भाग गेला, पण दर्शनी बाजू वाचली आणि दुरुस्त झाली. शनिवारवाड्याचे आतले महाल त्याआधीच, १८२८ मधील आगीत भस्म झाले होते. ब्रह्मावर्तातील पेशव्यांचा वाडा १८५७ नंतर इंग्रजांनी जमीनदोस्त केला. पेशव्यांच्या राहत्या वाड्यांपैकी ज्याचा लाकडी चेहरा आज पाहावयास मिळतो तो हाच. तो टिकण्यात दैवाचा भाग मोठा, तरी सततच्या वापराचाही आहे. पाठशाळा गेली तेव्हा हायस्कूल आले, मग सरकारी कचेऱ्या आल्या, आणि १९३० ते १९५९ या काळात पुणे नगरपालिकेचा व नंतर महानगरपालिकेचा कारभार येथूनच चालला. रोज दार उघडणारे व कौले शाकारणारे कोणी असले म्हणजे इमारत तग धरते. असीरगडावरील इंग्रजी शिबंदी १९०४ च्या सुमारास उठली आणि तेथील वस्तीची घरे पडत गेली.

पणजीत या प्रकारची दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या एश्कोला मेदिकाची मांडवीकाठची इमारत वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीस गेल्यावर ओस पडण्याच्या मार्गावर होती. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तिची डागडुजी झाली आणि ती चित्रपटांच्या कारभाराची जागा झाली. आल्तिनोवरील लिसेवच्या वास्तूत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बरीच वर्षे होते. ते २०२१ मध्ये पर्वरीस हलले. दोन्ही वास्तू राहिल्या. पण विद्यार्थी ज्या जिन्यांवरून धावले त्यांवरून पुन्हा विद्यार्थी चढावेत अशी इच्छा जुन्या पिढीच्या मनात असेल तर तिला कोणी वेडगळ म्हणू नये. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळांविषयीही हाच विचार महाजनांच्या सभांत अधूनमधून निघतो. वर्षातून जत्रेचे चार दिवस भरणाऱ्या आणि एरवी कुलुपात राहणाऱ्या खोल्यांचे काय करावे, आणि पूर्वजांनी यात्रेकरूंसाठी बांधलेल्या जागेत विद्यार्थ्यांना ठेवणे हेतूला धरून होईल की नाही, यावर मते पडतात. १८४९ च्या पुण्याहून ती फार निराळी नसतात.

देणगीच्या हेतूचे सामर्थ्य मात्र त्याच संस्थेच्या इतिहासात पुढे एकदा दिसून आले. १९३४ मध्ये सरकारने काटकसरीच्या नावाखाली डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. जिजीभाईंची देणगी व तिच्या अटी यांमुळे हे कॉलेज म्हणजे एक विश्वस्त संस्था आहे, सरकारला ते मनास येईल तेव्हा मोडता येणार नाही, हा मुद्दा घेऊन ते न्यायालयात गेले. पाच वर्षे दरवाजे बंद राहिले आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून ते पुन्हा उघडले. इरावती कर्वे, हसमुख सांकलिया आणि सुमित्र मंगेश कत्रे ही मंडळी तेथे आली. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये संस्कृत भाषेचा ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोश हाती घेण्यात आला. वेदांपासूनचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांची जवळजवळ एक कोटी टिपणे काढली गेली. पहिला खंड १९७६ पासून निघू लागला. त्यानंतर तीसहून अधिक खंड निघाले असून काम अद्याप ‘अ’ या अक्षरावरच आहे.